कांद्याच्या पापुद्र्यापासून ममदापूरच्या गवतापर्यंत: नाशिकमध्ये राहून वनस्पती आणि परिसंस्था कशी शिकायची

घरात कांदा आहे ना? मग सुरुवात आजच करता येईल. कांदा शेंड्यापासून मुळापर्यंत उभा चिरा. भाजी करताना मुळाकडचा जो टणक तुकडा आपण उडवून टाकतो, तो आधी नीट बघा. ती चपटी तबकडी म्हणजे कांद्याचं खरं खोड. तिच्या खालून मुळ्या फुटतात आणि वरून एकात एक बसलेले रसाळ पदर निघतात. हे पदर म्हणजे पानांचे बुडखे. बाहेरचं लाल टरफलसुद्धा पानच, फक्त वाळून कागदासारखं झालेलं. म्हणजे ज्याला आपण कंद म्हणतो तो जवळजवळ सगळा पानांचा साठा आहे.

हा साठा कांदा स्वतःसाठी करतो. कांद्याचं आयुष्य दोन हंगामांचं: पहिल्या हंगामात शिदोरी बांधायची, मग थंडी सोसायची आणि पुढच्या हंगामात त्या शिदोरीवर फुलायचं. लासलगाव-निफाडकडचा शेतकरी म्हणूनच उळे (कांद्याचं बी) धरायचं असेल तर निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतो. आणि रोप जाडजूड झाल्यावर अवेळी जास्त थंडी पडली, की पहिल्याच हंगामात डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते नुकसान. रोपाच्या दृष्टीने मात्र हिवाळा येऊन गेला असा निरोप मिळालेला असतो आणि ते त्याप्रमाणे वागलेलं असतं.

आता डोळ्यांत पाणी आलं असेल. कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगं एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरीने कप्पे फुटले की दोन्ही एकत्र येतात आणि डोळे चुरचुरवणारा वायू तयार होतो. कुरतडणाऱ्या प्राण्याला दूर ठेवायची ही तजवीज, कारण कांद्याला पळून जाता येत नाही.

वनस्पतीशास्त्र आणि परिसंस्थेचा अभ्यास हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, तिथेच मुलांचा धागा तुटतो असं माझं ठाम मत आहे. झाडाला जागा सोडता येत नाही. ऊन, पाऊस, माती, शेजारी, शत्रू, जे काही वाट्याला येईल त्याला जिथे उभं आहे तिथेच उत्तर द्यावं लागतं. पान, खोड, मूळ, फूल ही सगळी त्या जागेला दिलेली उत्तरं आहेत. एवढं डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या करा. अकरावी-बारावीच्या मुलांना, शिक्षकांना आणि मळ्यात राहणाऱ्या कुणालाही त्या जमतील.

लागणारं सामान

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक वही, पेन्सिल, मोजपट्टी, ब्लेड, सुतळी, चार खिळे, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या आणि औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन. शाळेचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम. वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि जागा लिहायचीच. तारीख नसेल तर सहा महिन्यांनी त्या नोंदीचा काही उपयोग राहत नाही.

पहिली पायरी: एक पेशी, एक पान

कांद्याच्या रसाळ पदराच्या आतल्या बाजूला ओल्या टिश्यूसारखा पातळ पापुद्रा असतो. नखाने उचला, काचेवर पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडू देता पसरा आणि त्यावर आयोडीनचा एक थेंब टाका. सूक्ष्मदर्शकाखाली वीटकामासारख्या लांबट पेशी दिसतील, प्रत्येकीत पिवळसर ठिपका. तो पेशीचा केंद्रक. हिरवे कण मात्र एकही दिसणार नाहीत, कारण जमिनीखालच्या या पदरांना ऊन मिळत नाही आणि अन्न बनवायचं कामही त्यांच्याकडे नाही.

ते काम हिरव्या पानाचं. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञाने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं त्याला फक्त पाणी दिलं. झाडाचं वजन १६९ पौंड झालं, माती मात्र जेमतेम २ औंसांनी घटली. झाड माती खात नाही हे त्यातून कळलं. सगळं पाण्यातूनच आलं हा त्याचा निष्कर्ष मात्र अपुरा होता, कारण झाडाच्या लाकडातला कार्बन हवेतून येतो. १७७९ साली यान इंगेनहौझने दाखवून दिलं की पानं हे काम उन्हातच करतात आणि पानाचा हिरवा भागच करतो.

हे घरी तपासता येतं. पांढरे पट्टे असलेल्या मनीप्लांटची कुंडी दोन-तीन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवा, मग पाच-सहा तास उजेडात. एक पान तोडून त्यातल्या हिरव्या-पांढऱ्या भागांचं चित्र वहीत काढा. पान दोन मिनिटं पाण्यात उकळा. नंतर गॅस पूर्ण बंद करा, गरम पाण्याच्या भांड्यात स्पिरिटची वाटी ठेवा आणि त्यात पान बुडवा. स्पिरिट पटकन पेट घेतं, म्हणून ज्योत जवळपास कुठेही नको, आणि सोबत मोठं माणूस हवंच. हिरवा रंग उतरला की पान धुऊन त्यावर आयोडीन टाका. जिथे हिरवं होतं तिथे निळं-काळं होईल, कारण तिथे पिष्ट तयार झालंय. पांढरे पट्टे तसेच तपकिरी राहतील. चित्र शेजारी धरून ताडून बघा.

दुसरी पायरी: पाणी कुठून कुठे जातं

सकाळी कडुनिंबाच्या उन्हातल्या एका पानेरी फांदीवर पारदर्शक पिशवी चढवून तोंड सुतळीने घट्ट बांधा. तासाभरात पिशवीच्या आत दव जमतं. झाड पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या बारीक छिद्रांतून, वाफ सोडतंय, आणि त्या ओढीनेच मुळांपासूनचं पाणी वर खेचलं जातंय. एका एप्रिलमध्ये मी अशी पिशवी संध्याकाळपर्यंत विसरलो आणि आतली पानं शिजून काळी पडली. वाफ सोडणं हा झाडाचा थंड राहण्याचाही मार्ग आहे, हे त्या फांदीने मला शिकवलं. तुम्ही दोन तासांत पिशवी काढा.

पर्णरंध्रं बघायला नेलपॉलिश पुरतं. आंब्याच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, वाळू द्या, वर चिकटपट्टी दाबून सोलून काढा आणि तो ठसा काचेवर लावा. सूक्ष्मदर्शकाखाली ओठांच्या जोडीसारखी रंध्रं दिसतात. मग पानाच्या वरच्या बाजूचा ठसा घ्या, तिथे ती सापडत नाहीत. तापत्या बाजूला दारं कमी, सावलीच्या बाजूला जास्त. कमळाच्या पाण्यावरच्या पानात उलटा हिशेब असतो: रंध्रं वर, कारण खाली पाणी आहे.

पाण्याची आणि अन्नाची वाट वेगळी असते, हे नाशिककराला द्राक्षबागेइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसणार नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी), बागेला ओल असेल तर, पहाटे मळ्यात जा. कापलेल्या प्रत्येक काडीच्या टोकावर पाण्याचा थेंब लोंबत असतो. तो गळतो आणि दुसरा भरतो. वेलीवर एकही पान नाही, म्हणजे वरून ओढणारं कुणी नाही. मुळंच पाणी खालून वर ढकलताहेत. बोटावर थेंब घेऊन बघा, जवळजवळ साधं पाणीच असतं. ही आतल्या लाकडातली वाट, जलवाहिन्यांची.

दुसरी वाट सालीत असते. मणी धरल्यावर बागायतदार खोडाभोवती काही मिलिमीटर रुंदीची सालीची गोल पट्टी काढतात, त्याला सगळे गर्डलिंग म्हणतात. साल काढली की पानांनी बनवलेली साखर खाली मुळांकडे जाऊ शकत नाही, ती वर घडांतच राहते आणि मणी फुगतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून चढत राहतं, म्हणून वेल सुकत नाही. काही आठवड्यांत जखम भरते. पट्टी फार रुंद काढली तर ती भरत नाही, मुळं उपाशी राहतात आणि वेल खंगते.

हे समजलं की रस्त्याकडेची झाडं बघायची नजर बदलते. रोप लावताना घातलेली लोखंडी जाळी वेळेत काढली नाही, की खोड जाडावताना ती सालीत रुतते. ते न ठरवता केलेलं गर्डलिंगच. आपल्या गल्लीत असं झाड असेल तर जाळी कापून घ्या. माझ्या मते नव्या दहा रोपांपेक्षा हे काम आधीचं.

बागेतली आणखी एक गोष्ट. ऑक्टोबरमध्ये फुटणारा घड ऑक्टोबरमध्ये ठरत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (फळं निघाल्यावरची छाटणी) काडी वाढत असतानाच तिच्यावरच्या डोळ्यात, म्हणजे फुटव्याच्या कळीत, घडाची निर्मिती होते. त्या दिवसांत काड्यांची दाटी झाली किंवा ढगाळ राहिलं आणि डोळ्यांपर्यंत ऊन पोचलं नाही, तर त्या डोळ्यांतून घडाऐवजी नुसती बाळी (वेलीचा तणावा) निघते. आज दिसतं त्याचं कारण सहा महिने मागे असू शकतं, ही सवय परिसंस्थेकडे बघतानाही उपयोगी पडते.

तिसरी पायरी: मुळाशी

पावसाळ्यात भुईमुगाचं किंवा थंडीत हरभऱ्याचं एक झाड मालकाला विचारून फावड्याने मातीसकट उचला. उपटू नका, बारीक मुळं तुटतात. बादलीत हलक्या हाताने माती धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती कामावर आहे. आत रायझोबियम जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. गुलाबी रंग येतो तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्या एका प्रथिनामुळे. पांढरी किंवा हिरवट गाठ निकामी असते. कडधान्यानंतर दुसरं पीक घ्यायची जुनी रीत या गाठींवर उभी आहे.

चौथी पायरी: उंबराचं फूल

फार दिवसांनी घरी आलेल्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. ते फूल बघायचं असेल तर ओढ्याकाठचं एखादं उंबर गाठा. गोदाकाठी आणि त्र्यंबककडे जाताना भरपूर आहेत. अर्धवट पिकलेलं एक फळ तळहातावर घेऊन ब्लेडने मधोमध कापा. आतली पोकळी शेकडो बारीक फुलांनी अस्तर लावल्यासारखी भरलेली असते. फूल बाहेर दिसत नाही कारण ते सगळेच्या सगळे आत आहेत. बऱ्याचदा कापताच त्यातून मुंगीहून लहान काळसर कीटक चालत बाहेर येतात, आणि मुलं किडकं म्हणून फळ टाकून देतात. टाकू नका. भिंग लावा.

कोवळ्या उंबराच्या टोकाला खवल्यांनी झाकलेलं बारीक भोक असतं. उंबराच्या ठराविक कीटकाची मादी त्यातून घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात. आत ती सोबत आणलेला पराग पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी निघतात, त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करून बाहेर पडायची वाट पोखरतात. मग पंख असलेल्या माद्या नवा पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. झाड गेलं तर तो कीटक गेला आणि कीटक गेला तर झाडाला बी धरणार नाही.

उंबर वर्षात अनेकदा फळतं, अगदी इतर झाडं रिकामी असतानाही. एका पिकलेल्या उंबराखाली सकाळी ६ ते ८ बसा आणि येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करा: हरियाल, बुलबुल, कोकीळ, तांबट, खारी. रात्री वटवाघळं. अन्नजाळं हा शब्द पाठ करायची मग गरज पडत नाही.

कांद्याच्या उळ्यालाही हेच लागू. डेंगळ्याच्या गोल गोंड्यावर मधमाश्या आल्या नाहीत तर बी भरत नाही, आणि फुलोऱ्यात कीटकनाशक फवारलं तर माश्या येत नाहीत.

पाचवी पायरी: सुतळीची चौकट

आता एका झाडावरून समूहाकडे. मळ्याचा बांध किंवा वसाहतीतला मोकळा प्लॉट निवडा. चार खिळे आणि सुतळीने १ मीटर बाय १ मीटरची चौकट आखा. आत किती जाती आहेत आणि प्रत्येकीची किती रोपं, ते मोजा. नावं येत नसतील तर अडू नका. 'काटेरी खोड, जोडीने पानं' असं लिहून चित्र काढा, नाव नंतर मिळेल. पावसाळ्यात आपल्याकडे टाकळा, कुर्डू, केना, एकदांडी, आघाडा, हरळी आणि गाजरगवत हमखास सापडतं.

एक चौकट पुरत नाही. चांगली जागा बघून चौकट टाकायचा मोह होतो, म्हणून पाठ फिरवून खडा फेका आणि तो पडेल तिथे आखा. अशा १० करा. टाकळा १० पैकी ७ चौकटींत सापडला तर त्याची वारंवारता ७० टक्के. दहाव्या चौकटीपर्यंत जाता जाता नव्या जाती सापडायच्या जवळजवळ थांबल्या, तर त्या जागेचं चित्र बऱ्यापैकी हाती आलं. अजून मिळतच असतील तर चौकटी वाढवा.

हीच जागा जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत पुन्हा मोजा. जूनमधली उघडी जमीन ऑगस्टमध्ये गच्च भरते, फेब्रुवारीत उरतात ती खोल मुळांची आणि वाळलेल्या काड्यांची. बिया मात्र मातीतच असतात. डोंगराला वणवा लावला की गवत चांगलं येतं असं अजून म्हटलं जातं, पण त्या आगीत वरच्या थरातल्या बिया, अंडी आणि वाढू पाहणारी झाडांची रोपं जळतात.

गाजरगवत वेगळं मोजा. ते मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. मूळ ठिकाणचे त्याचे शत्रू इथे नव्हते. १९८४ साली मेक्सिकोतून एक भुंगेरा मुद्दाम आणून सोडण्यात आला: पिवळट पाठ, त्यावर तपकिरी रेघा. पावसाळ्यात गाजरगवताची पानं चाळणीसारखी दिसली तर उलटून बघा, तो सापडेल. हाताळताना हातमोजे घाला, अनेकांना त्याची ॲलर्जी होते.

चौकटीत दिसणारे प्राणीही लिहा. नाकतोडा गवत खातो, सरडा नाकतोड्याला, शिक्रा सरड्याला. रेमंड लिंडेमन या परिसंस्थेच्या अभ्यासकाने १९४२ साली मांडलेला हिशेब असा, की प्रत्येक पायरीला ढोबळमानाने एक दशांश ऊर्जा पुढे जाते. गवतात १००० भाग असतील तर शिक्र्यापर्यंत १ पोचतो. म्हणून नाकतोडे शेकड्यांनी आणि शिक्रा एखादाच.

सहावी पायरी: इगतपुरी ते येवला, एका दिवसात

नाशिक जिल्ह्याइतकी सोयीची प्रयोगशाळा मला दुसरी माहीत नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, येवल्याकडे ५०० च्या आसपास. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते. सप्टेंबरअखेर एक दिवस काढा, इगतपुरी, नाशिक आणि येवला अशा तीन थांब्यांवर तेच काम करा: तीन चौकटी, आणि आजूबाजूच्या झाडाझुडपांची दहा-दहा पानं मोजपट्टीने मोजून वहीत. झाडावरून तोडू नका, खाली पडलेली किंवा फांदीवरचीच मोजा.

इगतपुरीत भाताची खाचरं, करवंद, कारवी, मोठी पानं दिसतील. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे ती फुललेली दिसली तर वर्ष लिहून ठेवाच. नाशिकच्या आसपास साग, पळस अशी पानगळीची झाडं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पानं टाकून देतो, पाण्याचा खर्च वाचतो आणि केशरी फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात. येवल्याकडे बाभूळ, हिवर: पान चिमुकल्या पर्णिकांत वाटलेलं, जोडीला काटे. पिकंही तेच सांगतात. भाताला पाणी मुबलक लागतं. बाजरीच्या पानात कार्बन साठवून पुढे देण्याची जादा व्यवस्था असते, त्यामुळे रंध्रं कमी उघडूनही तिचं भागतं. निवडुंग आणि घायपात त्याहून पुढे गेलेत, ते रंध्रं रात्री उघडतात.

वाटेत वेळ असेल तर कातळावरचे राखाडी-हिरवे डाग भिंगाखाली बघा. मसाल्यातलं दगडफूल याच जमातीतलं: बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात, आणि उघड्या बेसाल्टवर माती तयार व्हायला तिथून सुरुवात होते.

अंजनेरीला वेगळा दिवस द्या. २००६ साली शास्त्राला नव्याने कळलेली एक कंदीलपुष्पाची जात या डोंगराच्या नावाने ओळखली जाते. कंदीलपुष्पाचं फूल माशीला नळीत काही काळ अडकवून परागीभवन करून घेतं. पठारावर मळलेली वाट सोडू नका, कंद उकरू नका, आणि दुर्मीळ फूल दिसलंच तर त्याची नेमकी जागा फोटोसोबत जगाला सांगू नका.

नांदूर मध्यमेश्वर थंडीत करा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागे साठलेल्या गाळातून हे पाणथळ तयार झालं, आणि २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून जाहीर झालं. पक्षी बघायला सगळेच जातात, तुम्ही पाणवनस्पती बघा. गोदावरीत जलपर्णी का माजते याचं उत्तर सांडपाण्यातून आणि शेतातून येणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसमध्ये आहे. तिचं जाजम पसरलं की खाली उजेड पोचत नाही, ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो. नुसती काढून टाकली तर पुन्हा येते, कारण खत येतच असतं.

येवल्यापुढे ममदापूरचं राखीव रान आहे. तिथे झाडं तुरळक, नजर पोचेल तिथपर्यंत गवत. तिथे रोपं लावायची इच्छा होईल, ती आवरा. ते ओसाड रान नाही, ते माळरान आहे, आणि काळवीट त्या मोकळ्या गवतावरच जगतं, कारण त्याला दूरवरचा धोका दिसावा लागतो. शेवटची चौकट माळाच्या कडेला मांडा, गवताच्या किती जाती ते मोजा, तारीख टाका, आणि कळप दिसला तर गाडीतून उतरू नका.